मधला मुलूख

मित्रांनो, धुळ्याच्या जुन्या बाजारात एका वखारीच्या मागे पत्र्याची पडवी आहे. तिथे मी उभी असते. मी विलायतेत घडलेली मोटारसायकल, वयाने तुमच्या वडिलांच्या बरोबरीची तरी नक्कीच असेन. माझ्या डाव्या अंगाला होडीच्या आकाराची साइडकार जोडलेली आहे. तीन चाकांमुळे मला कशाला टेकून उभं राहावं लागत नाही. शाळेतून घरी जाणारी मुलं कुंपणावरून डोकावतात, ‘हिचा हॉर्न वाजतो का रे?’ असं एकमेकांना विचारतात आणि पुढे जातात. हॉर्न वाजतो. कुणी आत येऊन बसलं, तर मी आणखीही बरंच सांगू शकेन.

माझा जन्म लढाईच्या दिवसांत झाला. तेव्हा इंग्लंडातल्या कारखान्यांतून माझ्यासारख्या कितीतरी जणी एका पाठोपाठ एक बाहेर पडत. सगळ्यांना एकच मातकट हिरवा रंग. नटवायला कुणाला वेळ नव्हता. जहाजाच्या पोटातून मी मुंबईला उतरले आणि तिथून देवळालीच्या छावणीत आले. निरोप पोचवणं, साहेबांना स्टेशनवर सोडणं हे माझं काम. लढाई संपली, साहेब आपल्या देशी निघून गेले, आणि आम्हाला मैदानात रांगेत उभं करून लिलाव पुकारला गेला.

त्या मैदानात जवरीलाल आले होते. धुळ्याचे तरुण व्यापारी. त्यांचे आजोबा मारवाडातून खानदेशात आले आणि इथलेच झाले. शेंगदाणा आणि कापसाची खरेदी हा घरचा धंदा. बाकीचे लोक माझी टाकी ठोकून पाहत होते, चाकं हलवून पाहत होते. जवरीलालांनी मला सुरू केलं आणि ते शेजारी उकिडवे बसून नुसतं ऐकत राहिले. मग उठून म्हणाले, “ही चालेल.” त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

पुढची पंधरा-वीस वर्षं आम्ही दोघांनी खानदेशची किती धूळ खाल्ली असेल, सांगता येणार नाही. आज शिंदखेडा, उद्या दोंडाईचा, हंगामात थेट पाचोऱ्यापर्यंत. साइडकारमध्ये शेंगांच्या नमुन्यांची पोती, वजनकाटा आणि कधी कधी वाटेत भेटलेला एखादा म्हातारा शेतकरी. काळ्या मातीच्या गाडवाटेवर बैलगाड्या रुतायच्या, तिथूनही मी धापा टाकत बाहेर पडायची. गावाच्या वेशीवर माझा आवाज गेला की पोरं ओरडत सुटायची, “जवरीशेठनी फटफटी उनी!” म्हणजे आली. मला त्या दिवसांत फार बरं वाटायचं. जवरीलाल मला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. घरी आल्यावर स्वतः फडक्याने पुसत, मगच जेवायला जात.

माझ्यावर कधीच न बसलेलं एक माणूस त्या घरात होतं, त्यांची पत्नी सायरबाई. माडीच्या खिडकीतून त्या मला जाताना आणि येताना पाहत. सासूबाई कडक होत्या. घरच्या सुनेने भर बाजारातून फटफटीवर बसून जावं, ही गोष्ट कुणाच्या मनातही आली नसती. जवरीलालांच्याही आली नाही.

मग जीप आली. त्यानंतर मुलगा मोहनलाल दुकानात बसू लागला आणि त्याने स्कूटर घेतली. मला वखारीच्या कोपऱ्यात ढकललं. माझ्या अंगावर रिकामी पोती पडली, साइडकारमध्ये मांजरीने पिल्लं घातली, उंदरांनी सीटचं कातडं कुरतडलं. पावसाळ्यात पत्रा गळायचा आणि थेंब बरोबर माझ्या टाकीवर पडायचा. पहिल्या वर्षी जवरीलाल अधूनमधून येऊन उभे राहत. पुढे तेही थांबलं. कुणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. माझं काम संपलं होतं, इतकंच.

एकोणसत्तर सालची दिवाळी होऊन गेली होती. सासूबाई वारून वर्ष झालं होतं. एका सकाळी वखारीत सायरबाईंचा आवाज ऐकू आला. घरच्या बायका वखारीत सहसा येत नसत, म्हणून मला आश्चर्य वाटलं. दोघं नवरा-बायको पोत्यांच्या थप्पीशी उभी होती. घरात ते मारवाडीत बोलत. मी तुम्हाला मराठीत सांगते.

जवरीलाल म्हणत होते, “भावाला भेटायला मारवाडात जायचं तर मोहन तिकिटं काढून देईल. नेहमीसारखी भुसावळला गाडी बदल, खंडव्याला बदल, रतलामला बदल, की पोचलीस.”

“तेच नको आहे,” सायरबाई म्हणाल्या. “लग्न होऊन आले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. घुंघट हनुवटीपर्यंत. डब्याच्या खिडक्या लावलेल्या. त्यानंतर गेले-आले ते कडेवर मूल घेऊन, फलाटावर सामान मोजत. इतकी वर्षं झाली, माझं माहेर आणि माझं सासर यांच्यामध्ये काय आहे, ते मी पाहिलेलं नाही. डोंगर आहेत का, शेतं आहेत का, कोण माणसं राहतात. मधला सगळा मुलूख मी डोळे मिटून ओलांडला आहे. आता मला तो बघायचा आहे. सडकेने. उघड्यावर बसून.”

जवरीलालांनी माझ्या अंगावरची पोती एकेक करून बाजूला काढली.

मोहनलालला हे कळलं तेव्हा तो हसला, आणि मग त्याला कळलं की ही दोघं खरंच बोलताहेत. तो वाईट मुलगा नव्हता, काळजी करणारा होता. “बाई, मी टॅक्सी ठरवून देतो ना,” तो आईला म्हणाला. त्या घरात मुलं आईला बाई म्हणत. “मागे आरामात बसा.”

“आणि तू काचेला पडदा लावून देशील,” सायरबाई म्हणाल्या.

पडदा लावायचा त्याने खरोखरच विचार केला होता.

माझी तयारी लोटन मिस्तरीकडे आली. लोटन मूळचा शिंदखेड्याकडचा, कापसाच्या जिनिंगमधल्या तेलावरच्या इंजिनांची दुरुस्ती करायचा. जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, किक दाबून पाहिली. ती दगडासारखी घट्ट होती.

“शेठजी, इंजन जाम शे. बठ्ठं खोलनं पडी.”

“खोल,” जवरीलाल म्हणाले, “पण ठोकाठोक नको.”

“ठोकनार नही. तेल पाजसूत, वाट दखसूत.”

आणि त्याने तसंच केलं. प्लगच्या भोकातून रॉकेल आणि तेल मिसळून आत ओतलं आणि तो निघून गेला. रोज येऊन तो किकवर हलकेच पाय ठेवायचा, मान हलवायचा आणि परत जायचा. एका दुपारी आतला पिस्टन केसभर सरकला. मित्रांनो, वर्षानुवर्षं आखडलेलं अंग जेव्हा पहिल्यांदा हलतं, तेव्हा ते दुखतंच. पण ते दुखणं मला गोड वाटलं.

मग मला पूर्ण खोललं. माझे सगळे अवयव एका जुन्या सतरंजीवर मांडले गेले. कुठे काय झिजलं, कुठे गंज चढला, कुठे चीर गेली, सारं उघड्यावर. पिस्टनच्या रिंगा बाजारात मिळेनात, त्या लेथवर घडवून घेतल्या. ठिणगी पाडणारा माझा मॅग्नेटो ओलीने मेला होता. त्याची तार पुन्हा गुंडाळायची होती आणि ते नाजूक काम करणारं धुळ्यात कुणी भेटेना. भुसावळजवळच्या दीपनगरला नवीन वीजकेंद्र झालं होतं. तिथल्या वसाहतीत पुना नावाचा वाइंडर, म्हणजे तारा गुंडाळणारा कारागीर, राहायचा. लोटनने मॅग्नेटो धोतराच्या फडक्यात गुंडाळून एस.टी.ने त्याच्याकडे नेला. पुनाने तो सुट्टीच्या दिवशी घरी बसून केला आणि दुरुस्त झाला तेव्हा लोटनच्या बोटाला त्याचा झटका देऊन दाखवला. लोटन परत आल्यावर सगळ्यांना ते बोट दाखवत होता.

साइडकारची फळी कुजली होती, तिथे सागाची नवी बसवली. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणून सायरबाईंनी स्वतः गादी शिवली. त्या रोज वखारीत येऊ लागल्या. पहिले काही दिवस हमाल अवघडून बाजूला होत, पुढे त्यांनाही सवय झाली. ‘हे काय? हे कशाला?’ असं सायरबाई विचारत. क्लच म्हणजे काय, ते लोटनने दोन ताटल्या एकमेकींवर घासून समजावलं.

सगळं परत जोडल्यावर लोटनने मोठ्या ऐटीत पहिली किक मारली. ठिणगीची वेळ त्याने चुकीची लावली होती. मी उलटा झटका दिला आणि तो दोन हात लांब जाऊन पोत्यावर बसला.

“हाई ते लाथ मारस!” तो पोटरी चोळत म्हणाला. हमाल हसले, लोटनही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने वेळ सुधारली आणि मी सुरू झाले. वखारीत निळा धूर भरला. जवरीलाल पूर्वीसारखे माझ्या शेजारी उकिडवे बसले, ऐकत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

लांबच्या प्रवासाआधी जवळची एक फेरी मारून पाहायची ठरली. शिंदखेड्याला जायचं आणि परत यायचं. जवरीलाल हँडलवर, लोटन मागच्या सीटवर आणि सायरबाई साइडकारमध्ये, आयुष्यात पहिल्यांदा. बाजारातून जाताना लोक दुकानांतून उठून उभे राहिले. सायरबाईंनी दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती. गाव मागे पडलं, ज्वारीची शेतं सुरू झाली, आणि त्यांनी एक हात सोडला. मग दुसरा.

जाताना सगळं ठीक झालं. पण मित्रांनो, हँडल धरणाऱ्याच्या हातांतून गाडीला खूप काही कळतं. जवरीलालांचे हात बदलले होते. पूर्वी खड्डा येण्याआधीच त्यांची मूठ सैल व्हायची. आता खड्डा चाकाखाली आल्यावर त्यांना कळत होता. समोरून ट्रक आला की ते गरजेपेक्षा फारच आधी कडेला घेत. मला वाटलं, सवय तुटली असेल.

परतताना ऊन समोरून येत होतं. सडकेच्या कडेने एक बाई डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन चालली होती. मला वाटलं, आता मूठ सैल होईल, आता ब्रेक दाबला जाईल. काहीच झालं नाही. मी सरळ तिच्या रोखाने चालले होते.

“अहो! माणूस!” सायरबाई ओरडल्या.

लोटनने मागून झेप घेऊन हँडल ओढलं. साइडकारचं चाक रस्त्याकडेच्या चारीत गेलं, लोखंडी जोड करकरला आणि मी तिरपी होऊन थांबले. बाई दचकून खाली बसली होती. कडबा सगळ्या रस्त्यावर पसरला होता. तिला खरचटलंही नव्हतं, पण ती संतापली होती.

“डोया फुटनात का तुम्हना?” ती जवरीलालांना म्हणाली.

सायरबाई खाली उतरल्या, त्या बाईजवळ बसल्या, तिला पाणी दिलं. तिचं नाव यशोदाबाई. दोघींनी मिळून कडबा गोळा केला, भारा बांधला, सायरबाईंनी तो तिच्या डोक्यावर चढवला. ती दूर गेल्यावर त्या नवऱ्याकडे वळल्या.

“तुम्हाला दिसत नाही.”

जवरीलाल हातमोजे काढत होते. “डाव्याने नाही. उजव्याने धुकं दिसतं. गेल्या पावसाळ्यापासून वाढलंय.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू जायचंच नाही म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते,” सायरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा होता, पण त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि त्यांना चारीतून रस्त्यावर आणलं.

मला बैलांनी ओढून वखारीत आणलं. साइडकारचा एक दांडा वाकला होता. दोन दिवसांनी मोहनलाल एका भंगारवाल्याला घेऊन आला. भंगारवाल्याने माझी टाकी ठोकली. देवळालीच्या मैदानात ठोकली होती, तशीच. मला वाटलं, आता ऐकून घ्यायला कुणी शेजारी बसणार नाही.

तेवढ्यात सायरबाई दारात आल्या. “हिला कुठे नेतोस?”

“बाई, त्या दिवशी कुणाचा जीव गेला असता.”

“गेला असता. पण ब्रेक चांगला होता, चाक चांगलं होतं. गाडीचं काय चुकलं?” त्या थप्पीवर बसल्या. “मोहन, तू रोज दुकानात वडिलांच्या शेजारी गादीवर बसतोस. तुला कळलं होतं?”

मोहनलालने नकारार्थी मान हलवली.

“मलाही नाही कळलं,” त्या म्हणाल्या. “ताट वाढल्यावर मी वाटी त्यांच्या बोटांजवळ सरकवून देत होते. रोज. आणि मी असं का करते, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. इथे या लोखंडाचा एकेक खिळा आपण उजेडात धरून तपासला. घरातलं माणूस नाही तपासलं.”

भंगारवाला थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी मोहनलाल वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, अजून पिकलेला नाही, पुढच्या हिवाळ्यात काढू. त्या काळी तसंच असायचं. परत येताना मोहनलाल स्वतःच लोहाराला घेऊन आला आणि माझा वाकलेला दांडा सरळ करून घेतला.

आता मला चालवणार कोण? जवरीलालांनी आपले हातमोजे लोटनपुढे धरले.

“माले कोठे येस?” लोटन मागे सरकला. त्याचं म्हणणं खरंच होतं. माझं पोट त्याला पाठ होतं, पण मला चालवणं त्याला येत नव्हतं. शिवाय साइडकारची गाडी साध्या गाडीसारखी वागत नाही.

पांझरा नदीच्या कोरड्या पात्रात आमची शाळा भरू लागली. जवरीलाल मागच्या सीटवर बसत आणि लोटनच्या खांद्यावर हात ठेवत. त्यांना समोरचं दिसत नव्हतं, पण माझा आवाज त्यांना अजून नीट वाचता येत होता. “गॅस दिलास की ही डावीकडे ओढणार. ब्रेक दाबलास की उजवीकडे. तिच्याशी भांडू नकोस, आधीच ओळखून हात दे. आता गिअर बदल. ऐकलंस? ती मागतेय.”

लोटन घामाघूम व्हायचा. “शेठजी, हाई गाडी शे का बैलजोडी? एक बैल आठे वढस, एक तठे वढस!”

एकदा त्याने मला वाळूत रुतवलं, एकदा धुणं वाळत घातलेल्या दोरीतून नेलं आणि परक्या माणसाचं धोतर माझ्या दिव्यावर फडकत राहिलं. जवरीलालांच्या मनात काय चाललं होतं, ते मला खांद्यावरच्या त्या हातावरून कळायचं. आधी तो हात घट्ट आवळलेला असायचा, हँडल अजून आपल्याच मुठीत आहे अशा जोराने. दिवसांमागून दिवस गेले तसा तो सैल पडत गेला. एका सकाळी त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “चल, जाऊ या.”

आम्ही माघात निघालो. साइडकारच्या मागे ट्रंक, बाजूला पाण्याची छागळ, डब्यांत खाखरे आणि मठरी. मोहनलालने एक जादा ट्यूब आणून ट्रंकेवर बांधली आणि दोन्ही गाठी पुन्हा ओढून पाहिल्या. सूर्यास्तानंतर ते कुटुंब जेवत नसे, म्हणून दिवस असतानाच मुक्काम गाठायचा, असं ठरलं होतं.

आग्रा रोडने तापी ओलांडली, शिरपूर गेलं, सेंधव्याचा घाट लागला. घाटात मी तापले तेव्हा सावलीत थांबलो. आणि तिथे एक गोष्ट सुरू झाली, जी मी आधी कधी पाहिली नव्हती. मागच्या सीटवरून जवरीलालांनी विचारलं, “आता काय आहे?”

“डोंगर,” सायरबाई म्हणाल्या.

“कसा?”

त्यांनी नीट पाहिलं. “उंटाच्या पाठीसारखा. झाडं वाळलीत, पण एक पळस पेटलाय. खाली दोन बायका लाकडं घेऊन उतरताहेत. एकीने हात हलवला. मीही हलवला.”

तिथून पुढे सगळी वाट त्या सांगत गेल्या. माझ्या आवाजावर आवाज चढवून सांगत, घसा बसला तरी सांगत. नर्मदेपाशी उतरून त्यांनी पाण्याला हात लावला आणि तो ओला हात नवऱ्याच्या कपाळाला लावला. माळव्यातली गव्हाची शेतं सांगितली. मंदसौरच्या पुढे अफूची शेतं फुलली होती. इतकं पांढरं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लोटनने न सांगता मला थांबवलं आणि आम्ही सगळेच तिथे बराच वेळ उभे राहिलो. नीमचजवळ माझी साखळी तुटली. लोटन कडी बसवत होता, तेव्हा सायरबाई बांधावर बसून एका शेतकरणीशी गप्पा मारत होत्या. त्या दोघींची भाषा एकमेकींना अर्धीच कळत होती.

माती काळीची तांबडी झाली, तांबडीची भुरी झाली. मग वाळू आली. गाव दिसू लागलं तेव्हा सायरबाई गप्प झाल्या.

“काय आहे?” जवरीलालांनी विचारलं.

“आलं,” त्या म्हणाल्या. “पण आता मला माहीत आहे, मी कुठून आले.”

त्यांचे थोरले भाऊ भिकमचंद दारात आले. आधी त्यांनी मला पाहिलं, मग धुळीने भुऱ्या झालेल्या बहिणीला. ओळखायला त्यांना वेळ लागला. ओळखल्यावर ते इतके मोठ्याने रडले की शेजारची माणसं धावून आली.

होळीच्या सुमारास आम्ही धुळ्याला परतलो. पुढच्या हिवाळ्यात जवरीलालांचं ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा आला. पण हँडल त्यांनी पुन्हा मागितलं नाही.

माझा मोठा प्रवास झाला, मित्रांनो, पण माझा आवडता प्रवास त्यानंतरचा. लोटनची बायको बेबाबाई एकदा सायरबाईंकडे आली होती. सायरबाई तिला नर्मदा सांगत होत्या, अफूची फुलं सांगत होत्या. ती खाली मान घालून ऐकत होती.

“तुझं माहेर कुठलं गं?” सायरबाईंनी विचारलं.

बुराई नदीकाठचं एक खेडं, शिंदखेड्याच्या अलीकडे. सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचावं, इतकं जवळ. तिथे ती एस.टी.च्या गर्दीत उभ्याने जायची, नाहीतर कडब्याच्या गाडीत वाटेकडे पाठ करून बसायची.

लोटन तिला घ्यायला आला तेव्हा ती सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, “शेठाणीले मारवाडलगून लई गयात. मन्हं माहेर ते आठेच शे. माले कव्हय लई जाशात?”

लोटनने डोकं खाजवलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. जवरीलाल आतून म्हणाले, “गाडी पुसून ठेवलीय रे. उद्याच जा.”

बेबाबाई नवं लुगडं नेसून सायरबाईंनी शिवलेल्या गादीवर बसली. वाटेत ती फारसं बोलली नाही. फक्त, लोटनने वेग वाढवला की साइडकारच्या कडेवर टकटक करायची, म्हणजे सावकाश. एका चिंचेजवळ, एका विहिरीजवळ, काहीच नसलेल्या एका वळणावरसुद्धा तिने टकटक केलं. लोटनने कारण विचारलं नाही. तो हळू होत गेला. गाव जवळ आलं तेव्हा तिने पदर सावरला, ताठ बसली आणि म्हणाली, “गावमा गयात ना, ते लगेच थांबू नका. एक चक्कर मारा. बठ्ठासले दखू द्या.”

लोटनने हॉर्न वाजवला आणि दोन चकरा मारल्या.

आता माझे टायर बसलेत, टाकी कोरडी आहे. लोटनचे गुडघे दुखतात, तरी तो कधीतरी येऊन माझ्या साखळीला तेल देतो. मला पुन्हा सडकेवर काढा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरी जी जुनी माणसं असतील, त्यांच्याजवळ जरा बसा. त्यांना नीट दिसतं का, ऐकू येतं का, ते विचारा. आणि त्यांना कुठे जायचं होतं, तेही विचारा. कदाचित ते गाव अगदी जवळ असेल.